पुस्तक परत करायची तारीख नसेल तर ते संपतं का?

कृष्णाकाठी

साठी जवळ आली. शाळा-कॉलेज सांगलीत, नोकरी पुण्यात, आता निवृत्तीचे वेध. ऐंशीच्या दशकात मी कसा वाचायचो आणि आज कसा वाचतो याचा हिशेब मांडला तर नुसती अक्षरं मी आज कितीतरी जास्त वाचतो. सकाळी फोनवर तीन वर्तमानपत्रं, मग व्हॉट्सॅपवर आलेले लेख, त्या लेखांखालची भांडणं, रात्री आणखी काहीबाही. पुस्तकंही पूर्वीपेक्षा पुष्कळ विकत घेतो. ती सुरू होतात, संपत नाहीत. पन्नास-साठ पानांवर खूण घातलेली पुस्तकं घरभर पडली आहेत. किंडलवर तर खूणही घालावी लागत नाही, हा माणूस अठरा टक्क्यांवर थांबलाय हे ते आपलं आपण लक्षात ठेवतं.

मोबाइलमुळे लक्ष लागत नाही, हे कारण सगळेच देतात. असेलही. माझा संशय वेगळ्या ठिकाणी आहे. तेव्हा दोन गोष्टी होत्या: पुस्तक परत करायची तारीख, आणि निवडायला फारसा वाव नसणं.

आमच्या वाचनालयात कपाटापर्यंत जायची मुभा नव्हती. देवघेवीच्या खिडकीपाशी एक कळकट यादी असायची. तीत बघून पाच दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचे. शिपाई आत जायचा, बऱ्याच वेळाने उगवायचा आणि पहिली चार 'बाहेर' आहेत म्हणून सांगायचा. पाचवं मिळायचं. पाचवा क्रमांक आपण नुसता जागा भरायला लिहिलेला, त्यामुळे हातात काय पडेल याचा नेम नसे. अशा पाचव्या क्रमांकावर मी एका निवृत्त फौजदाराचं आत्मचरित्र वाचलं, मधमाश्या पाळण्याविषयी वाचलं, मॉस्कोहून मराठीत छापून येणारी रशियन पुस्तकं वाचली. आवडलं नाही तरी आठवडाभर तेच घरात. कंटाळून परत तेच उघडायचं. आणि कधीकधी चाळिसाव्या पानानंतर त्याची गोडी लागायची. आज मी चाळिसाव्या पानापर्यंत थांबतच नाही, कारण शेजारी दुसरं पुस्तक तयार असतं.

पुस्तक हातात धरणंही सोपं नव्हतं. मूळ मुखपृष्ठ काढून खाकी पुठ्ठा, कापडी पाठ, त्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक. बाइंडर टाके इतके आत घालायचा की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत जायची आणि उजव्या पानावरची पहिली. दोन्ही हातांनी फाकवून धरायचं, गेलेलं अक्षर अंदाजाने भरायचं आणि पुढे जायचं. शेवटच्या पानावर जांभळ्या शिक्क्यांची रांग. समासात कोणीतरी पेन्सिलीने 'बकवास' लिहिलेलं, त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात 'तुम्हाला कळत नाही'. ट्रोलिंग तेव्हाही होतं, फक्त उत्तर यायला सहा महिने लागायचे.

तुमचं काय? तेव्हाचं आणि आत्ताचं वाचन ताडून पाहिलंत तर काय दिसतं? 'हल्ली कोणी वाचत नाही' हे कृपया नको.

चष्मिष्ट

+१. दंडही धरा. रोजचे काही पैसेच असायचे, पण वडिलांकडे मागायला जायची भीती मोठी. जाडजूड कादंबरी मी दंडाच्या धाकाने शेवटच्या रात्री जागून संपवली आहे.

खडूस

रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून नेणाऱ्यांवर वेगळा धागा काढा. माझं मन अजून शांत झालेलं नाही.

सुमेधा_दुपार

छान लिहिलंय, पण तुमच्या त्या वाचनालयात एकही बाई दिसली नाही. रांगेत तुम्ही, खिडकीत शिपाई, समासात भांडणारे दोघे. तुमच्या आईसाठी पुस्तक कोण आणायचं?

माझ्या आईचं वाचन मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे सायकलवरून मासिकं घेऊन येणारे एक गृहस्थ होते. हँडलला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, महिन्याची वर्गणी ठरलेली. 'स्त्री' आणि 'किर्लोस्कर' ते आधी आमच्या गल्लीत देत, मग पुढच्या. ('किर्लोस्कर'चा पहिला अंक १९२०चा, 'स्त्री' १९३०मध्ये सुरू झालं, म्हणजे माझ्या आजीनेही तीच वाचलेली.) अंक तिसऱ्या दिवशी परत. आई तो कधी वाचायची? कणीक मळून झाकून ठेवली की पोळ्या लाटायला बसेपर्यंत. दूध तापायला ठेवलं की ओट्याशी उभ्याने. दुपारी आडवं होऊन अंक उघडला की आजीचा आवाज यायचाच, "आज कामं नाहीत वाटतं?" मग अंक तांदळाच्या डब्यामागे.

तिने आयुष्यात कादंबऱ्या फार थोड्या वाचल्या, कथा मात्र भरपूर. आवड म्हणून नव्हे. दोन कामांच्या फटीत कथाच मावते. लेखकाची नावं तिला आठवायची नाहीत, गोष्ट पूर्ण आठवायची. तुम्ही म्हणता तसं सलग, शांत, आठवडाभर एकाच पुस्तकात राहणं हे घरातल्या पुरुषांचं आणि मुलांचं वाचन होतं.

मीही नोकरी आणि दोन मुलं सांभाळून तसंच तुकड्या-तुकड्यांत वाचलं. गेल्या काही वर्षांत पहिल्यांदा दुपारची सलग तीन तास वाचते आणि कोणी हाक मारत नाही. तेव्हा 'पूर्वी वाचन चांगलं होतं' या सुरात मला सूर मिसळता येणार नाही.

कृष्णाकाठी

सुमेधाताई, आईसाठी पुस्तक मीच आणायचो. तिची एकच सूचना असायची, "कुठलंही आण, फार जाड नको." मला वाटायचं तिला वाचनाचा कंटाळा आहे. पुढचं लिहीत नाही.

आडगावकर

आमच्याकडे वाचनालय होतं. पाटीवर. आत ज्वारीची पोती. तपासणीच्या आदल्या दिवशी पोती बाहेर आणि कुठूनतरी पुस्तकं आत. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच राहतो. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, सगळं व्यवस्थित आहे. आमच्यापर्यंत फक्त पाटी पोचली.

त्यामुळे माझं 'तेव्हाचं वाचन' म्हणजे शाळेची पुस्तकं. जूनमध्ये नवी पुस्तकं मिळाली की शाळा नीट सुरू व्हायच्या आत मराठीचं पुस्तक संपलेलं. मग थोरल्या बहिणीचं मराठीचं. मग तिचा इतिहास. पुढे एक गुरुजी बदलून आले, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत 'किशोर'चे सुटे अंक होते. बालभारतीने ते मासिक १९७१मध्ये सुरू केलं, गुरुजींकडे त्यातले मिळतील तसे, मधले अधले. एका अंकात एका धारावाहिक कथेचा मधलाच भाग वाचला. मुलगा विहिरीत उतरलाय, वर दोर कापला जातोय, आणि खाली 'क्रमशः'. पुढचा अंक पेटीत नव्हता. तो मुलगा माझ्या डोक्यात कित्येक वर्षं त्या विहिरीत होता.

बालभारतीने जुने 'किशोर' इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? दोन रात्री शोधलं, सापडलं. मुलगा वर येतो. कसा? तर मामा अचानक शहरातून येतात. अतिशय भिकार शेवट. मी मनात रचलेले चार शेवट त्यापेक्षा बरे होते.

तरी सांगतो, हातातल्या फोनने माझ्यासारख्याला जे दिलं ते तुमच्या वाचनालयाने तुम्हालाही दिलं नसेल. आज शेताच्या बांधावर बसून मराठी विश्वकोशातली नोंद वाचतो. वाईहून निघालेले ते वीस खंड आमच्या तालुक्यात मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

चष्मिष्ट

विहिरीतल्या मुलासाठी खास लॉगिन केलं. मामा!! अरेरे.

देवघेव

निवृत्त ग्रंथपाल. तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं वाचनालय सांभाळलं. कृष्णाकाठींचा धागा आवडला, पण परतीच्या तारखेवर एवढी भिस्त ठेवू नका. शिक्क्यावरून पुस्तक घरी गेलं एवढंच कळतं, वाचलं की नाही ते कळत नाही.

ते कळायची दुसरी सोय होती. पुस्तक परत आलं की फाटलंय का ते बघायला मी अंगठ्याने पानं फरफर सोडायचो. वाचलेल्या पानांच्या खालच्या कोपऱ्याला बोटांचा मळ बसतो. पाच-सहा वर्षं फिरलेलं पुस्तक बंद करून कडेने बघा, मळलेला भाग कुठे संपतो ती रेघ स्पष्ट दिसते. पुष्कळशा नावाजलेल्या पुस्तकांत ती रेघ पहिल्या पाव भागातच संपायची, पुढची पानं जवळपास कोरी. शेवटपर्यंत एकसारखी मळलेली असायची ती रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या. कृष्णाकाठी, तुमचे अठरा टक्के आमच्याकडेही होते. किंडल ते आकड्यात दाखवतं, आम्हाला कडेवर दिसायचे.

बदललं काय ते सांगतो. आमच्याकडे गर्दीचे दिवस म्हणजे दिवाळी. 'मनोरंजन' मासिकाने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि वाचनालयं तिच्यावर जगली. अंकांची वेगळी वर्गणी, अंक आले की खाकी कव्हर, शिक्का, आणि पहिल्या दिवशी दाराबाहेर रांग. लोक अंक फेब्रुवारी-मार्चपर्यंत फिरवायचे. आता अंक जातात, रांग नाही. उलट अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही. सकाळी सातला पोरं स्पर्धापरीक्षेची गाइडं घेऊन बसतात ती रात्री दहाला उठतात. वाचनालयाच्या इमारतीत इतके वाचणारे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि त्यातला क्वचितच कोणी देवघेवीच्या टेबलाकडे वळतो. मी त्यांना दोष देणार नाही. अभ्यासिकेच्या शुल्कातून आमचं विजेचं बिल भरलं जातं.

सांगलीचा विषय निघाला म्हणून: ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या वाचनालयांची पुस्तकं पाण्यात गेली. साधा कागद वेळेत हाताशी लागला तर पानोपान वाळवता येतो. गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजली की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, ती उघडत नाही. मदतीला गेलो होतो. निर्लेखन म्हणजे पुस्तक अधिकृतपणे नोंदवहीतून काढणं, ते नोकरीत पुष्कळ केलं होतं. पण पुरातल्यासारखं निर्लेखन पुन्हा करायची वेळ कोणावर येऊ नये.

श्रवणभक्त

मी दृष्टिहीन आहे. फोनवरचं बोलणारं सॉफ्टवेअर वापरून हा धागा ऐकतोय. माझी 'तेव्हा' आणि 'आत्ता'ची तुलना तुम्हा सगळ्यांपेक्षा उलटी आहे.

लहानपणी अंधशाळेत ब्रेल होतं, पण ब्रेलमध्ये एक कादंबरी म्हणजे जाडजाड खंडांचा गठ्ठा. सुटीत घरी नेणार किती? म्हणून घरी बहीण वाचून दाखवायची. ती हुशार होती, तिला खेळायला जायची घाई असायची, आणि ती निसर्गवर्णनं गाळायची. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की मराठी कादंबऱ्यांत माणसं सतत बोलतात आणि बाहेर कुठे झाडं, पाऊस, संध्याकाळ नसतातच. पुढे त्यातली एक कादंबरी कॅसेटवर ऐकली तेव्हा पाच मिनिटं नुसतं नदीचं वर्णन आलं. बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मग? तुला गोष्ट कळली ना?"

युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत) आल्यावर माझं वाचन खऱ्या अर्थाने सुरू झालं. साधा मजकूर असेल तर मी नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट वेगाने ऐकतो, नवख्याला त्यातलं अक्षर कळत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर आमच्यासारख्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढता येतात, २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे अशा प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. त्यात मराठी अजून हवं तेवढं नाही. किंडलवर मराठी आलं तेही २०१६च्या शेवटी.

आता रडगाणं. तुम्ही सगळे आनंदाने एकमेकांना पाठवता ती जुन्या पुस्तकांची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. माझ्या फोनला त्यात एक अक्षर सापडत नाही. 'पान एक, चित्र. पान दोन, चित्र.' आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत टाइप केलेली फाइल असेल तर तो रोमन अक्षरांची भेळ मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवतो. तीनशे पानांचं पुस्तक समोर असतं आणि मी त्याच्या दाराबाहेर.

सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. आई म्हणायची थालीपिठाची भाजणी, मी म्हणायचो पुस्तकं. दर खेपेला भाजणी जिंकायची. ईपुस्तकांनी आमच्या घरातला वाद मिटवला.

नव्वदोत्तरी

धाग्यात सर्वांत लहान बहुधा मीच. कृष्णाकाठीकाका, राग मानू नका, पण तुमच्या पिढीच्या आठवणींत सगळे फक्त चांगलंचुंगलं वाचत होते. फौजदाराचं आत्मचरित्र, रशियन पुस्तकं. मग देवघेवकाका सांगतात त्या शेवटपर्यंत मळलेल्या रहस्यकथा कोण वाचत होतं? माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्या निघाल्या, चांगल्या पन्नासेक. आम्हाला मात्र त्यांनी कायम थोरामोठ्यांची चरित्रं भेट दिली.

मी डोंबिवलीहून रोज सव्वा तास लोकलने जाते, तोच वाचायचा वेळ. बसायला मिळालं तर फोनवर वाचते, उभी असले तर हेडफोन. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप २०१७मध्ये भारतात आलं तेव्हा पहिल्यापासून मराठी होतं, मी त्याच काळात मराठीकडे परत आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचायचा वेग कमी होता. आधी ऐकून मग तेच पुस्तक वाचलं की जड जात नाही. सलग पुस्तक होत नाही, हे तुमचं म्हणणं मलाही लागू आहे, पण मी ते असंच असतं म्हणून वाढले.

मोतीबिंदूवाले

तुम्ही सगळे फार खोलात जाताय. माझं वाचन साठीनंतर बंद पडलं. मला वाटलं विरक्ती आली. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिवाणखान्यातला पिवळा दिवा बदलून पांढरा लावला, आता महिन्याला चार पुस्तकं होतात. आधी डोळे तपासा, मग संस्कृतीवर बोला.

सुमेधा_दुपार

मोतीबिंदूवाले, _/\_

कृष्णाकाठी

देवघेव साहेबांची मळाची रेघ बिनतोड. घरातली जुनी पुस्तकं उचलून कडा बघत बसलोय. नव्वदोत्तरी, रहस्यकथा मीच वाचत होतो, तुझे आजोबाही. आमच्या वाचनालयातून त्या मिळायच्या नाहीत, कोपऱ्यावरच्या भाड्याच्या दुकानातून यायच्या, चोवीस तासांच्या बोलीने.

परतीच्या तारखेबद्दल आता फार बोलत नाही. पाचव्या क्रमांकाचा मुद्दा मात्र सोडवत नाही. आज मला रोज पहिल्या क्रमांकाचं पुस्तक मिळतं. मी काय वाचलं ते बघून दुकान तसलंच आणखी पुढे करतं. मी ऐतिहासिक घेतलं की दहा ऐतिहासिक. मधमाश्यांवरचं पुस्तक मला कोणी दाखवणार नाही, कारण मी ते कधी मागणार नाही. तेव्हाही मागितलं नव्हतं. ते गळ्यात पडलं. आवडीचं वाचायला मिळणं ही चैन आहे, मी ती सोडणार नाही, पण तिच्यामुळे माझ्या वाचनाचा घेर आवळत गेलाय, हे मला चाळिशीनंतरच्या पुस्तकांच्या कपाटाकडे नुसतं बघून दिसतं. विशीतलं कपाट (म्हणजे वाचलेल्याची वही, कपाट कुठलं तेव्हा) जास्त विचित्र आणि जास्त श्रीमंत होतं.

नव्वदोत्तरी

याच्यावर आमच्याकडे एक तोड आहे. आम्ही सहा मैत्रिणी महिन्याला एक पुस्तक एकत्र वाचतो आणि ते ठरवायची पाळी फिरती. जिची पाळी तिने आणलेलं मुकाट वाचायचं. गेल्या वेळी एकीने रेल्वेच्या इतिहासावरचं आणलं, मी स्वतःहून हात लावला नसता. निम्म्यात सोडलं तर सगळ्यांना चहा-वडापाव द्यावा लागतो. चष्मिष्टकाका, हा घ्या तुमचा दंड.

माडाखाली

पणजीहून. आमच्याकडचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं, देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय. पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेल्यापासून मी तिथे मुद्दाम नको त्या मजल्यावर उतरते आणि दिसेल त्या कपाटापाशी थांबते. मराठी शोधायला गेले आणि पोर्तुगीज काळातल्या वर्तमानपत्रांत दुपार गेली, असं होतं. पुस्तक गळ्यात पडायला हवं असेल तर कपाटासमोर उभं राहा, यादीसमोर नको.

देवघेव

माडाखाली यांनी मुक्तद्वार पद्धतीचं मर्म सांगितलं. आम्ही कपाटं खुली केली त्या वर्षी पुस्तकं जास्त हरवली आणि देवघेवही वाढली. समितीने फक्त हरवलेली मोजली.

श्रवणभक्त

एक काम सुचवतो. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आहेत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११पासून मुक्त आहे. संगणक त्या फोटोंतून अक्षरं ओळखतो, पण रफार उडवतो, 'घ'चा 'ध' करतो, जोडाक्षरांची वाट लावतो. कोणीतरी डोळ्यांनी पान बघून ते दुरुस्त करावं लागतं. ते झालं की माझा फोन ते वाचतो. आणि दुरुस्त करणाऱ्याला पुस्तक सोडून पळता येत नाही, एकेक अक्षर वाचावंच लागतं.

सुमेधा_दुपार

मला टायपिंग येतं, दुपार मोकळी आहे. सुरुवात कुठून करायची?

श्रवणभक्त

खातं उघडा, एखादं अर्धवट राहिलेलं पुस्तक निवडा. न तपासलेली पानं लाल दिसतात, असं मला सांगितलंय. तुम्ही तपासलं की पिवळं होतं. हिरवं करायला मात्र दुसरंच माणूस लागतं, आपलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही.

कृष्णाकाठी

सुमेधाताई, तुम्ही पिवळी करा, मी हिरवी करतो. पुस्तक श्रवणभक्तांनी ठरवायचं, आम्ही कुरकुर करणार नाही. निसर्गवर्णन चालेल ना?

श्रवणभक्त

निसर्गवर्णन भरपूर असलेलंच घ्या. रात्री दोन-तीन नावं इथे टाकतो.

खडूस

शेवटचं पान स्कॅनमध्ये आहे का ते आधी बघून घ्या.